थंडीचे दिवस आणि कुमारांची नवी कादंबरी

आश्विन अर्धाअधिक सरला, पाऊस परतीच्या वाटेला लागला आणि पहाटेच्या वाऱ्यात गारवा येऊ लागला, की शहरांतील सुशिक्षित घरांत एक यादी तयार होऊ लागते. तीत चकलीच्या भाजणीपासून आकाशकंदिलाच्या कागदापर्यंत आणि धाकट्याच्या सदऱ्यापासून आजोबांच्या मफलरीपर्यंत सर्व काही असते. सहामाही परीक्षा आटोपलेली, सुट्टी पुढे उभी, आणि कार्तिक-मार्गशीर्षाच्या रात्री दिवसाहून लांब होऊ लागलेल्या. वाचनाला ह्याहून अनुकूल काळ वर्षात दुसरा नाही. मराठी प्रकाशकांनी व संपादकांनी हे फार पूर्वीच ओळखले आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक असावयाचाच, हा महाराष्ट्राचा कुलाचार होऊन बसला आहे.

त्या यादीत पुस्तकांचीही एक ओळ असते. वडिलांसाठी एखादा वैचारिक अंक, आईसाठी कथा-कादंबऱ्यांचा, आजीसाठी ठळक टाइपातले एखादे भक्तिपर पुस्तक आणि सहा वर्षांच्या नातवासाठी रंगीत चित्रांचे. एवढे झाले, की यादी पुरी झाली असे समजून कागदाची घडी घातली जाते. परंतु त्याच घरात चौदा वर्षांची एक मुलगी आणि सोळा वर्षांचा एक मुलगा असतो. चित्रांचे पुस्तक त्यांना हातात धरवत नाही, आणि आईचा अंक त्यांच्या हाती दिसला तर घरात भुवया उंचावतात. ह्या दोघांसाठी यादीत काय आहे? बहुतेक घरांत ह्या प्रश्नाचे उत्तर एखादे सामान्यज्ञानाचे पुस्तक किंवा स्पर्धापरीक्षेची पूर्वतयारी हेच असते. ते उपयुक्त असेल. परंतु थंडीच्या रात्री गोधडीत शिरून, दिवा घालवण्याची ताकीद दोनदा ऐकूनही मिटवत नाही, असे ते पुस्तक नव्हे.

तेव्हा थंडी तोंडावर आली असता बारा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठी मराठीत नवे असे काय आहे, त्याची वाट का पाहावी आणि ते घरात कसे आणावे, हा ह्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ह्या वयाचा विचार करावयास हवा. घरातील पुस्तकांची कपाटे साधारणपणे दोन असतात, एक मुलांचे व एक मोठ्यांचे. मुलांच्या कपाटातील राजा, राक्षस आणि बोलका पोपट ह्यांचा निरोप बाराव्या वर्षी घेतला जातो. मोठ्यांच्या कपाटातील संसार, नोकरी, पश्चात्ताप ह्या गोष्टी अद्याप दूर असतात. मधल्या पाच-सहा वर्षांत मनात मात्र केवढी उलथापालथ चाललेली असते! मित्राने केलेला विश्वासघात, शिक्षकांनी केलेला अन्याय, वडिलांच्या बोलण्यातली पहिल्यांदाच जाणवलेली विसंगती, एखाद्या चेहऱ्याकडे विनाकारण वळणारी नजर, आणि पुढे होणार कोण ही धास्ती; ह्यांविषयी घरात बोलता येत नाही आणि शाळेत बोलण्याची सोय नसते. ह्या वेळी कादंबरी जे काम करते, ते दुसरे कोणी करू शकत नाही. 'हे तुलाच वाटते असे नाही' एवढेच ती सांगते. पण तेवढ्याने धीर येतो.

इंग्रजीत ह्या वयाच्या वाचकाला 'यंग ॲडल्ट' म्हणतात. हा शब्द प्रचारात आणण्यात ग्रंथपालांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील ग्रंथालय संघाने १९५७ साली ह्या वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभाग केला. पुढे १९६७ मध्ये एस. ई. हिंटन ह्या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिने ती शाळेत असतानाच लिहिली होती आणि प्रकाशनाच्या वेळी ती अवघी अठरा वर्षांची होती. आपण ज्या मुलांना ओळखतो, ती मुले पुस्तकांत कोठेच दिसत नाहीत, ही तिची तक्रार होती. त्या पुस्तकानंतर ह्या जातीच्या कादंबरीला तेथे निराळे घर मिळाले, आणि २००० सालापासून मायकेल प्रिंट्झ ह्यांच्या नावाने तिला स्वतंत्र पारितोषिकही मिळू लागले.

मराठीत 'कुमार' आणि 'किशोर' हे दोन सुंदर शब्द त्याही आधीपासून आहेत. उणीव आहे ती त्या शब्दांना जोडून येणाऱ्या ठरावीक जागेची. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, तो नऊ ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी असलेल्या लेखनाला दिला जातो. म्हणजे चौथीतील मुलगा आणि अकरावीच्या उंबरठ्यावरील मुलगी एकाच पंगतीला बसविलेली आहेत. अकादमीचा दुसरा एक 'युवा' पुरस्कार आहे खरा. परंतु त्यातील युवा हा लेखक असतो, वाचक नव्हे. पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी तो आहे. अशा रीतीने ह्या मधल्या वयाचा वाचक पुरस्कारांच्या व्यवस्थेतही दोन कपाटांच्या मधल्या फटीतच उभा राहतो.

थंडीच्या आगमनाबरोबर नव्या पुस्तकांची वाट पाहावयाची, ही रीत अन्यत्र कशी रुजली हे पाहणे उद्बोधक आहे. उत्तरेकडील आइसलँड ह्या लहानशा बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी वस्तूंवर कडक निर्बंध होते. कागदावर मात्र ते त्या मानाने सैल होते. त्यामुळे नाताळची भेट म्हणून पुस्तक देण्याची चाल तेथे बळावली. १९४४ पासून नव्या पुस्तकांची एक सूची निघू लागली आणि ती पुढे अनेक दशके घरोघरी पोहोचत राहिली. तेथील प्रकाशक वर्षाची बहुतेक पुस्तके ह्याच हंगामात बाहेर काढतात. ह्या लोंढ्याला तेथील लोक 'नाताळचा पुस्तकांचा पूर' असेच म्हणतात. २४ डिसेंबरच्या रात्री पुस्तके एकमेकांना द्यावयाची आणि तीच वाचीत जागावयाचे, ही तेथील चाल आता जगभर कौतुकाचा विषय झाली आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमारास निघणाऱ्या शारदीय अंकांची परंपरा मराठी दिवाळी अंकांची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. परंतु एका बाबतीत ती बहीण पुढे गेली. 'आनंदमेला'सारख्या मुलांच्या नियतकालिकाच्या पूजा-अंकात किशोरांसाठी लिहिलेल्या संपूर्ण कादंबऱ्या छापण्याची प्रथा तेथे पडली, आणि सुनील गंगोपाध्याय, शीर्षेन्दु मुखोपाध्याय ह्यांच्यासारखे मोठ्यांच्या साहित्यातील पहिल्या पंक्तीचे लेखक त्यासाठी लिहीत आले. सत्यजित राय ह्यांचा फेलूदा हा गुप्तहेर डिसेंबर १९६५ मध्ये 'संदेश' ह्या मुलांच्या मासिकात अवतरला. पुढे १९७१ साली त्याची 'सोनार केल्ला' ही कादंबरी 'देश'च्या शारदीय अंकात आली. बंगाली मुलगा दर शरद ऋतूत विचारीत असे, की ह्या वर्षी फेलूदा कोठे जाणार? पुस्तक येण्यापूर्वीच त्याची वाट पाहिली जाणे, हे वाचनसंस्कृतीचे खरे लक्षण होय. अशोक जैन ह्यांनी फेलूदाच्या कथा मराठीत आणल्या आहेत, तेव्हा मराठी घरांनाही ह्या गुप्तहेराचा पाहुणचार करता येण्याजोगा आहे.

मराठी मुलांनी अशी वाट कधीच पाहिली नाही, असे मात्र समजू नये. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली आणि १९३५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिच्यातील प्रकरणांना 'रात्र' हेच नाव आहे, ही गोष्ट थंडीच्या वाचनासंबंधी बोलताना मुद्दाम आठवावी. एका रात्री एक प्रकरण वाचावे, असा जणू लेखकानेच घालून दिलेला पाठ आहे. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याने आणि चिंगीने पुढच्या मुलांना हसविले. भास्कर रामचंद्र भागवत ह्यांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि त्याहून मोठे काम म्हणजे फुरसुंगीच्या बनेश फेणे ह्या काटकुळ्या मुलाला सायकलवर बसवून महाराष्ट्रभर धावावयास लावले. त्या 'फास्टर फेणे'ची वीस पुस्तके झाली. भागवतांचाच दुसरा नायक बिपीन बुकलवार हा तर पुस्तकांत बुडालेला मुलगा. वाचणारा मुलगाही साहसकथेचा नायक होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले. १९७१ च्या नोव्हेंबरात पाठ्यपुस्तक मंडळाने 'किशोर' मासिक सुरू केले. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात.

ही नावे ऐकताच चाळिशी-पन्नाशीतील श्रोत्यांचे डोळे चमकतील, आणि येथेच एक धोका आहे. घरातील वडीलधारी माणसे मुलासाठी पुस्तक आणावयास निघतात तेव्हा बहुधा स्वतःचेच बालपण विकत घेऊन येतात. 'आमच्या वेळी हे वाचले म्हणजे जेवण सुचत नसे,' असे सांगून जुनी प्रत मुलापुढे ठेवली जाते; मुलगा चार पाने चाळून ती बाजूला ठेवतो, आणि हल्लीची मुले वाचीतच नाहीत असा निकाल लागतो. हा निकाल न्यायाचा नाही. फास्टर फेणे त्या वेळच्या मुलांना आवडला, तो जुना व थोर म्हणून नव्हे. त्याची शाळा, त्याची सायकल, त्याचे पुणे हे सर्व त्यांच्या डोळ्यांसमोरचे होते. तो त्यांचा समकालीन होता. आजच्या मुलालाही समकालीन मित्र मागण्याचा तितकाच अधिकार आहे. जुने ग्रंथ थोर आहेतच; परंतु त्यांच्याकडे नेणारा रस्ता पुष्कळदा नव्या पुस्तकाच्या दारावरूनच जातो. ज्याला स्वतःच्या काळातील एक कादंबरी आवडली, तो मागचीही उघडून पाहतो.

मग आज नवे काय आहे? ते मुळीच नाही अशी जी समजूत आहे, ती पुरस्कारांच्या यादीवरून नुसती नजर फिरविली तरी दूर होते. २०१७ ते २०२४ ह्या आठ वर्षांत साहित्य अकादमीचा मराठी बालसाहित्य पुरस्कार पाच वेळा कादंबरीला मिळाला आहे. २०१७ मध्ये ल. म. कडू ह्यांच्या 'खारीच्या वाटा', २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला ह्यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध', २०२१ मध्ये संजय वाघ ह्यांच्या 'जोकर बनला किंगमेकर', २०२२ मध्ये संगीता बर्वे ह्यांच्या 'पियूची वही' आणि २०२४ मध्ये भारत सासणे ह्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' ह्या कादंबरीला. गोष्टींचा व कवितांचाच मान असलेल्या ह्या प्रांतात कादंबरीने अशी बैठक मारावी, ही लहान घटना नव्हे.

ह्या पुस्तकांतील वैचित्र्यही पाहण्याजोगे आहे. 'खारीच्या वाटा'मध्ये धरणाच्या पाण्याखाली जाणारे गाव आणि तेथे वाढणारा मुलगा आहे. शहरातील ज्या मुलाला नळ सोडला की पाणी येते एवढेच ठाऊक आहे, त्याला ते पाणी कोणाच्या अंगणावरून आले हे ही कादंबरी कळविते. उपदेशाच्या दहा तासांनी जे साधणार नाही, ते एका बुडणाऱ्या गावाच्या हकिगतीने साधते. सलीम मुल्ला हे पुरस्कार मिळाला तेव्हा वनखात्याच्या सेवेत होते. जंगल हेच ज्याच्या रोजच्या कामाचे ठिकाण, अशा माणसाने लिहिलेल्या अरण्यकथेत आणि खोलीत बसून लिहिलेल्या अरण्यकथेत जो फरक असावयाचा, तो मुलांनाही जाणवतो. 'पियूची वही' ही शाळकरी मुलीने सुट्टीत लिहिलेल्या वहीच्या रूपाने उलगडते. ती वाचून झाल्यावर पुष्कळ मुलींना स्वतःची वही घेऊन बसावेसे वाटेल, आणि तसे वाटले तर ती वही मागून वाचावयाचा मोह घरच्यांनी आवरावा. भारत सासणे हे तर उदगीर येथे २०२२ साली भरलेल्या पंचाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. संमेलनाध्यक्षपद भूषविलेला कथाकार समशेर नावाच्या हेराला घेऊन मुलांसाठी भूतबंगल्यात शिरतो, ही गोष्ट बंगाली परंपरेची आठवण करून देणारी आहे. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या लेखकाने कुमारांसाठी लिहिणे म्हणजे खालच्या पायरीवर उतरणे, हा समज अशाने मोडतो.

थोड्या मोठ्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकांसाठी दोन नावे निराळी काढावयास हवीत. ही पुस्तके अगदी आजची नव्हेत. परंतु नव्या शतकाच्या आसपासची आहेत आणि त्यांचा ताजेपणा गेलेला नाही. प्रकाश नारायण संत ह्यांचा लंपन 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ह्या चार पुस्तकांतून भेटतो. ह्या कथा असल्या तरी ओळीने वाचल्या असता एका मुलाच्या वाढण्याची अखंड कादंबरीच वाचल्याचे समाधान मिळते, आणि बेळगावकडच्या कानडीमिश्रित मराठीचा गोडवा पुणे-मुंबईच्या कानांना नवा वाटतो. दुसरे नाव मिलिंद बोकील ह्यांच्या 'शाळा' ह्या २००४ सालच्या कादंबरीचे. नववीतील मुकुंद जोशी, त्याचे तीन-चार मित्र, वर्गातील एक मुलगी आणि भोवती १९७५ च्या आणीबाणीचे दडपलेले वातावरण, एवढ्यावर ही कादंबरी उभी आहे. ती कुमारांसाठी म्हणून लिहिली गेली नाही. परंतु कुमारवयाचे इतके खरे चित्र मराठीत विरळाच.

ह्या 'शाळे'चे नाव काढले, की काही घरांत चुळबुळ होते. नववीच्या मुलाने नववीच्या मुलाच्या प्रेमाची गोष्ट वाचावी काय? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आई-बापांची काळजी खोटी नसते. परंतु तिचा विचार शांतपणे करावा. ज्या भावनेची गोष्ट वाचावयास बंदी केली जाते, ती भावना बंदीमुळे थांबत नाही. ती फक्त एकटी पडते. आज प्रत्येक मुलाच्या हाती जो लहानसा चमकता पडदा आला आहे, त्यावर त्याच विषयाचे दर्शन किती ओंगळ रूपात आणि किती विनासायास होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या पडद्यावरच्या कोलाहलाच्या जोडीला एका समर्थ लेखकाने संयमाने सांगितलेली गोष्टही नसेल, तर मुलाने विवेक शिकावा कोठून? चांगली कादंबरी मुलाला बिघडवीत नाही. बिघाड कशाने होतो हे ती त्याला दुसऱ्याच्या अनुभवावरून, स्वतःला न पोळता, समजू देते.

चांगली कुमार-कादंबरी ओळखावी कशी, हेही सांगितले पाहिजे. कारण पुरस्काराची मोहोर हा एकच पुरावा नव्हे, आणि ह्या हंगामात दुकानांत येणाऱ्या अगदी नव्या पुस्तकांवर ती उमटलेलीही नसणार. पहिली खूण ही, की गोष्टीतील अडचण मुलगा किंवा मुलगी स्वतः सोडविते. शेवटच्या पानावर काका किंवा फौजदार येऊन सर्व निस्तरीत नाहीत. दुसरी खूण, तात्पर्य निराळे लिहिलेले नसते. जेथे लेखक मधूनच थांबून 'म्हणून मुलांनो' असे म्हणू लागतो, तेथे चौदा वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो, आणि त्यात त्याची चूक नसते. तिसरी खूण भाषेची: पात्रे आजच्या मुलांसारखी बोलतात, पण निवेदन त्यांच्या शब्दसंग्रहाला थोडे वर ओढते. चौथी आणि महत्त्वाची खूण म्हणजे दुःखाला जागा. मरण, दारिद्र्य, आईबापांतील बेबनाव, अपयश ह्या गोष्टी मुलांच्या आयुष्यात येतात. मग त्या पुस्तकांतून हद्दपार करून काय साधणार? मात्र शेवटी दार पूर्ण बंद झालेले नसावे. कोठून तरी उजेडाची तिरीप येत असावी. दुकानात उभ्या उभ्या पहिले प्रकरण आणि मधले एखादे पान वाचले, तरी ह्या खुणा पटतात.

आता ह्या सर्वांत पणाला काय लागले आहे, ते स्पष्ट बोलावयास हवे. शहरांतील पुष्कळ घरांत मुलांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून होते. ही मुले घरी मराठी उत्तम बोलतात; परंतु छापील मराठी वाचताना अडखळतात. इंग्रजीत त्यांच्या वयाला साजेशा कादंबऱ्यांचा डोंगर समोर असतो, त्या त्यांना मित्रांकडून कळतात, आणि सवयीने वाचनही झपाट्याने होते. ह्यात इंग्रजीचा दोष काही नाही. वाचन कोणत्याही भाषेतील असो, ते श्रेयस्करच. पण मराठीतून ज्याने आठव्या-नवव्या यत्तेत एकही कादंबरी मनापासून वाचली नाही, तो पंचविसाव्या वर्षी आपण होऊन मराठी कादंबरीकडे वळेल, ही आशा फार अंधुक आहे. त्याच्या लेखी मराठी ही भाजीवाल्याशी आणि आजीशी बोलण्याची भाषा राहील. आपल्या मनातले गुज ती जाणू शकते, हे त्याला कळणारच नाही. भाषा सभांतील ठरावांनी टिकत नाही. चौदाव्या वर्षी रात्री जागून वाचलेल्या एका पुस्तकाने ती एका घरात एक पिढी टिकते. कुमार-कादंबरी हा म्हणूनच करमणुकीचा किरकोळ विभाग नसून मराठीच्या पुढील वाचकवर्गाची ती नर्सरी आहे.

ही नर्सरी राखण्याचे उपाय अवघड नाहीत. वाचनाचा वेग कमी असलेल्या मुलासाठी पहिली दोन-तीन प्रकरणे घरातल्या कोणी मोठ्याने वाचून दाखवावी आणि गोष्ट ऐन रंगात आली असता नेमके थांबावे. पुढचे वाचावयास डोळे आपोआप शिकतात. पुस्तक निवडावयास मुलाला बरोबर न्यावे व पैसे त्याच्या हाती द्यावे. त्याने निवडलेले पुस्तक वडिलांना उथळ वाटले तरी एक वेळ आणू द्यावे. खरेदी परवडत नसेल, तर जुनी ग्रंथालये आहेत. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून वाचकांची सेवा करीत आले आहेत. मुलाच्या नावाचे स्वतंत्र सभासदपत्र ही दिवाळीची उत्तम ओवाळणी होईल. आणि थंडीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या कुटुंबांनी वाटेवरच्या भिलार ह्या गावी अवश्य थांबावे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. तेथे गावकऱ्यांच्या घरांतूनच विषयवार पुस्तके मांडलेली आहेत. कोणाच्याही ओसरीवर बसून वाचीत राहावे. पुस्तक हे परीक्षेशिवायही माणसांच्या घरात असते, एवढे मुलांनी पाहिले तरी फेरी सार्थकी लागली.

शेवटी एक पथ्य. पुस्तक वाचून झाले, की 'काय शिकलास?' हा प्रश्न विचारू नये. त्या एका प्रश्नाने कादंबरीचे पाठ्यपुस्तक होते. त्याऐवजी ते पुस्तक वडिलांनी व आईने स्वतः वाचावे. 'त्या मुलाने गाव सोडताना मागे वळून पाहिले नसते तर?' असे सहज जेवताना म्हणावे, आणि मग मुलगा किती बोलतो ते ऐकावे. बालसाहित्य पुरस्कारांचे वितरण बहुधा १४ नोव्हेंबरच्या बालदिनी होते, आणि दिवाळी त्याच्याच आगेमागे येते. नव्या पुस्तकांची नावे कळण्याचा आणि घरात नवे काही आणण्याचा असा दुहेरी मुहूर्त दर वर्षी थंडीच्या तोंडावर लाभतो. यादीचा कागद घडी घालून ठेवण्यापूर्वी त्यात एक ओळ वाढवावी, आणि ती चौदा वर्षांच्या हाताने लिहू द्यावी.